पत्रात नेहमी 'इकडे सर्व खुशाल' लिहायचो, आता खरं लिहायचं आहे

बिगुल (धागाकर्ता)
३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, साखर पेठेतला. २४ वर्षं फौजेत काढून २०२२ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. सध्या एका खासगी ठिकाणी सुरक्षारक्षक आहे, बारा तासांची ड्युटी.

कामाचं दुःख सांगायला आलेलो नाही. घरात मला बसताच येत नाही, म्हणून लिहितोय. सुट्टीवर यायचो तेव्हा दोन महिने कसे जायचे कळायचं नाही. आता कायमचा आलोय तर मीच पाहुण्यासारखा वाटतो. हिने अठरा वर्षं एकटीने घर चालवलं. गॅस, फी, आईचं दुखणंखुपणं, सगळं तिच्या हातात होतं. मी आलो आणि प्रत्येक गोष्टीत हात घालायला लागलो. पहाटे पाचला सगळ्यांना उठवायचं, चादरीची घडी नीट नसली की आवाज चढवायचा. मुलगी बारावीला आहे. मी खोलीत शिरलो की ती पुस्तक मिटते आणि सरळ बसते. जवानासमोर साहेब आल्यावर बसतो ना, तशी. हे बघून पोटात तुटतं हो.

दुसरं म्हणजे रात्री. आमच्या बोळामागे मागाचे कारखाने आहेत. रातपाळीचा खडखडाट चालू असतो तेव्हा मी गाढ झोपतो. बत्ती गेली, माग थांबले, शांत झालं की खाडकन उठून दारापर्यंत जातो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. चौकीवर शांतता वाईट असायची, तीच सवय राहिली असं मी हिला सांगितलंय.

पुतण्याने सांगितलं की अमेरिकेत लढाईवरून परतलेल्या सैनिकांना घरबसल्या कॉम्प्युटरवर मनातलं लिहायला लावलं, आणि त्याचा उपयोग झाला. खरं आहे का? आपल्यासारख्याला जमेल का? आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, फौजेत हिंदी. लिहायचं तरी कुठल्या भाषेत?

---

कडकभाकरी
३ जून, रात्री ११:०५

साहेब, आधी तुम्हाला सलाम. मी सोलापुरातल्या बाळ्याचा. माझे मामा बीएसएफमधून आले, त्यांचंही असंच. दिवसभर अंगण झाडतात. झाडलेलंच पुन्हा झाडतात. आम्ही हसायचो, आता तुमचं वाचून वाईट वाटलं. धागा वर राहू दे.

---

रणगाडा
४ जून, सकाळी ६:१५

मीही माजी सैनिक, पंढरपूर तालुका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लिहून काय होणार? पस्तीस-चाळिशीत माणूस बाहेर पडतो. हातात डिस्चार्ज बुक, आणि बाहेर मिळतं काय? एटीएमसमोरची खुर्ची. ज्याने तीस-तीस जवान सांभाळले त्याला इथं विशीतलं पोरगं "ए वॉचमन" म्हणतं. हे आधी थांबवा. नीट काम द्या, मान द्या, झोप आपोआप लागेल. आता चार वर्षांचे अग्निवीर बाहेर पडतील, शंभरातले पंचाहत्तर. त्यांनाही वही देणार का?

---

उंबरठा
४ जून, दुपारी १:३०

मी समुपदेशक आहे, सोलापुरातच. बिगुल यांचा प्रश्न आणि रणगाडा यांचा राग, दोन्ही रास्त आहेत. सविस्तर लिहिते.

याची सुरुवात सैनिकांपासून झाली नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस सलग, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले. काहींना सांगितलं की आयुष्यात सगळ्यात जास्त ढवळून टाकणारं जे घडलं ते लिहा, त्या वेळी मनात काय आलं तेही लिहा. शुद्धलेखन बघू नका, हात थांबवू नका. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारी मुलं लिहून उठताना जास्त उदास होती. पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण कमी राहिलं.

तुमच्या पुतण्याने सांगितलेला अभ्यास नीना सेयर आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले, घरी रुळायला त्रास होतोय असं स्वतः सांगणारे १,२९२ माजी सैनिक त्यात होते. तीन गट केले. एकाने मनातलं लिहायचं, दुसऱ्याने फक्त माहितीवजा, भावना न आणता लिहायचं, तिसऱ्याने काहीच नाही. लिहिणाऱ्यांनी घरून, ऑनलाइन, वीस-वीस मिनिटांच्या चार बैठका करायच्या. काहीच न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत मनातलं लिहिणाऱ्यांचा राग, अस्वस्थता, अंगदुखीसारख्या तक्रारी, युद्धाच्या आघाताची लक्षणं आणि घरात रुळण्यातल्या अडचणी कमी झाल्या. आपल्याला कुणाचा आधार आहे ही भावना थोडी वाढली. माहितीवजा लिहिणाऱ्यांशी तुलना केली तरी राग, अस्वस्थता आणि शारीरिक तक्रारींत फरक दिसला.

आता दुसरी बाजू. हा फरक लहान होता, संशोधकांनीच तसं म्हटलंय. एकूण आयुष्याबद्दलचं समाधान लिहिण्याने वाढलं नाही. त्यामुळे चार दिवस लिहा आणि बरे व्हा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तरीही मला हे मोलाचं वाटतं, कारण फौजी माणूस माझ्या दारात येतच नाही. "वेड्यांच्या डॉक्टरकडे" जाताना शेजाऱ्याने बघितलं तर, ही भीती असते. घरात बसून, कुणाला तोंड न दाखवता वीस मिनिटं लिहिणं त्याला जमू शकतं.

रणगाडा दादा, कामाबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. म्हणून एक आठवण करून देते. १९९४ मध्ये पेनबेकर यांच्याच सहकार्याने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेल्या ६३ अनुभवी लोकांपैकी काहींना नोकरी जाण्याबद्दलचं मनातलं लिहायला लावलं. ते इतरांपेक्षा लवकर पुन्हा कामाला लागले. त्यांनी जास्त खटपट केली म्हणून हे झालं असं दिसलं नाही. जुन्या नोकरीकडे आणि नव्या कामाकडे बघण्याची त्यांची दृष्टी बदलली होती. "ए वॉचमन" ऐकल्यावर तुमच्या छातीत काय होतं, हेसुद्धा लिहिण्यासारखंच आहे.

बिगुल, भाषेचं विचारलंत. जी येईल ती. तिन्ही आल्या तर तिन्ही.

---

मालदांडी
४ जून, संध्याकाळी ७:५०

मी मंगळवेढ्याची. नवरा १७ वर्षांनी परत आला, पाच वर्षं झाली. बिगुल दादा, तुमच्या घरातल्या ताईंच्या बाजूने बोलते.

तो तिकडे होता तेव्हा मी भीतीत जगले. टीव्हीवर बातमी लागली की हात कापायचे. तरी त्याच्या फोनवर मी कधी रडले नाही, त्याला काळजी नको म्हणून. म्हणजे तो म्हणायचा "मजेत आहे" आणि मी म्हणायचे "इकडेही मजेत". सतरा वर्षं आम्ही एकमेकांना हेच सांगितलं. परत आल्यावर बोलायचं कुठून? तो गप्प, मी गप्प. वावरात ज्वारी काढायला उभे राहिलो तरी दोघं दोन टोकांना.

मला एकच विचारायचंय. त्याने लिहिलं तर मी ते वाचायचं का? वाचलं नाही तर मला कळणार कसं? आणि वाचलं तर तो पुढच्या वेळी खरं लिहील का?

---

बिगुल
४ जून, रात्री ९:२०

मालदांडी ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिलो.

मी भरती झालो १९९८ ला. तेव्हा पत्रं असायची. ५६ एपीओ, ९९ एपीओ असे फौजी पोस्टाचे पत्ते. माझे वडील मागावर होते, त्यांना वाचता यायचं नाही. पत्र आलं की बोळाच्या तोंडाशी एक मास्तर राहायचे, ते ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचायचे आणि मध्ये मध्ये तेलुगूत समजावून सांगायचे. वडील, आई, शेजारपाजार, विड्या वळणाऱ्या बायका हातातलं सूप तसंच मांडीवर ठेवून ऐकायच्या. मला हे माहीत होतं. मग मी काय लिहिणार? "इकडे सर्व खुशाल आहे. काळजी नसावी. थंडी आहे पण सवय झाली." अख्ख्या बोळाला ऐकू जाणाऱ्या पत्रात माणूस भीती कशी लिहील?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पण कुणी ऐकणार नाही असं मी आजवर एकही ओळ लिहिलेली नाही, हे मला आत्ता कळलं.

---

उंबरठा
४ जून, रात्री १०:०५

बिगुल, तुमच्या या निरोपातच मालदांडी ताईंच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. ताई, वाचू नका. तो स्वतःहून पुढे करेल तेव्हा वाचा. लिहिलेलं फाडून टाकायची, पुसून टाकायची मुभासुद्धा त्याला हवी. आणि तुम्ही तुमचं वेगळं लिहा. सतरा वर्षं तुम्हीही पहाऱ्यावरच होतात.

---

नवीशाई
५ जून, सकाळी ११:००

मी कॉम्प्युटरचं काम करते, आजोबा फौजेत होते. मोबाईलवर लिहिणाऱ्यांसाठी थोडं.

मराठी टंकायला त्रास होत असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला, तो लिहीत जातो. चुका करतो, करू द्या. पण घरात लोक असतील तर बोलायला मन धजत नाही, तेव्हा बोटानेच बरं. नोंदवहीचं जे अॅप वापराल त्याला कुलूप लावा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर ते आपोआप उघडत नाही ना, ते तपासा. आमच्याकडे सगळ्यांचे फोटो एकाच खात्यात जातात, तसं तुमचं लिखाण मुलीच्या टॅबवर जायला नको.

फौजेतल्यांसाठी वेगळं सांगते. पलटणीचं नाव, चौकीची जागा, कोण कुठे होतं, कुठली कारवाई, हे मोबाईलवर लिहू नका. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. "बर्फाची चौकी" एवढं लिहिलं तरी तुम्हाला कळतं कुठली. आणि कामाचं तेवढंच आहे.

---

रणगाडा
५ जून, दुपारी २:४०

हे शेवटचं बरोबर सांगितलं. पण मला अजून पटलेलं नाही. जखमेवरची खपली काढायची कशाला? काही जणांनी जे बघितलंय ते वीस मिनिटांत मावणारं नाही. लिहिता लिहिता माणूस बिथरला तर रात्री अकराला कोण येणार?

---

उंबरठा
५ जून, दुपारी ४:१०

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून बरं झालं.

लिहायला लावणारे स्वतःच सांगतात की एखादी गोष्ट लिहिताना आपण कोलमडू असं वाटलं तर ती लिहायची नाही. विषय बदला, नाहीतर उठा. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, ते सहसा ओसरतं. मात्र दिवसेंदिवस वाढत गेलं, झोप पूर्ण उडाली, दारू वाढली, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर वही बाजूला ठेवून माणूस गाठायचा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात खास सैन्यातल्या लोकांसाठी कक्षही सुरू झाला. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमध्ये सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता येतं. गुडघा दुखतो म्हणून जाता तसंच जायचं.

आणि लिहायचं ते फक्त लढाईबद्दल असं अजिबात नाही. परत येण्याबद्दल लिहा. उंबरठ्याच्या आत काय अडलंय त्याबद्दल लिहा.

---

बिगुल
५ जून, रात्री ९:४५

आज पहिला दिवस. नऊ ते नऊ-वीस, गच्चीवर. उन्हाने गच्ची अजून तापलेलीच होती. पहिली दहा मिनिटं रिपोर्ट लिहिल्यासारखं झालं. अमुक वेळ, अमुक हवामान, अमुक माणसं. सगळं हिंदीत. शेवटी एकच ओळ वेगळी आली.

---

बिगुल
६ जून, रात्री ९:३०

दुसरा दिवस. वाईट गेला. आज घरात कुणाशी बोललो नाही. जास्त लिहीत नाही.

---

कडकभाकरी
६ जून, रात्री ९:५०

साहेब, जेवलात का? आम्ही आहोत इथं.

---

बिगुल
६ जून, रात्री १०:१५

जेवलो. शेंगाचटणी आणि भाकरी. हिने न विचारता वाढलं.

---

बिगुल
७ जून, रात्री ११:३०

तिसरा दिवस. हे इथे लिहावं की नाही असं झालं होतं, पण तुम्ही सगळे सोबत होतात म्हणून लिहितो.

आज वडिलांबद्दल लिहायला लागलो. ते गेले तेव्हा मी बर्फाच्या चौकीवर होतो. निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. खिंड बंद, हवामान खराब, हेलिकॉप्टर उडालं ते आणखी नऊ दिवसांनी. घरी पोचलो तोवर तेरावा होऊन गेला होता. आईने दार उघडलं आणि म्हणाली, हात-पाय धू. बस. त्यानंतर आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोललेलं नाही, मीही नाही.

हे लिहीत होतो आणि लहानपणी वडील कसे होते तिकडे गेलो. रातपाळीला ते मागावर असायचे. बत्ती गेली की सगळे माग एकदम थांबायचे, आणि बोळातून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. ओट्यावर बसायचे आणि आत बघून म्हणायचे, "नीळ्ळू." पाणी. मी उठून तांब्या घेऊन दारात जायचो. अंगाला सुताची लव चिकटलेली असायची, घामाने ओली. पाणी पिऊन माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तो हात कांड्या भरून भरून खरखरीत झालेला. बत्ती आली की परत जायचे.

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. चौकीवर आवाज थांबला तर कुणी सरळ दारात जाऊन उभं राहत नाही. आडोसा घेतो, कानोसा घेतो. मी तर दोन वर्षं उठून थेट दारात जातोय. हिला सांगत आलो की फौजेची सवय आहे. ती फौजेची नव्हतीच. मी पाणी द्यायला उठत होतो.

वर जाऊन वाचलं तेव्हा दिसलं, शेवटचं अर्धं पान तेलुगू आहे, देवनागरीत. कधी बदललं ते कळलं नाही.

---

मालदांडी
८ जून, सकाळी ५:४०

दादा, वाचून पदर डोळ्याला लावला. हे दाखवलंत म्हणून आभार.

---

उंबरठा
८ जून, सकाळी १०:२०

बिगुल, माझ्याकडून सल्ला असा काही नाही, एक निरीक्षण तेवढं. पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी लोकांचं लिखाण शब्द मोजून तपासलं होतं. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता कळलं" अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. पहिल्याच दिवसापासून ज्यांची गोष्ट पक्की बांधलेली होती, त्यांना तेवढा नाही. तुमचा पहिला दिवस वेळ, हवामान, माणसं. तिसऱ्या दिवशी तुम्ही कुठे पोचलात ते तुम्हीच बघा. मात्र उद्यापासून झोप लागेलच असं मनाशी धरू नका.

---

बिगुल
९ जून, रात्री ९:५५

चौथा दिवस कालच झाला, आज सांगतो.

काल रात्री दीडला बत्ती गेली. उठलो. दारापर्यंत गेलोच. पण या वेळी कडी काढली, ओट्यावर बसलो. कारखान्यातली पोरं बाहेर येऊन उभी होती, एकाला विचारलं पाणी हवं का. तांब्या आणून दिला. ही मागे येऊन उभी राहिली होती, काही म्हणाली नाही, शेजारी बसली. मग मी तिला त्या नऊ दिवसांचं सांगितलं. निम्मंच सांगून झालं तोवर बत्ती आली. उरलेलं सकाळी सांगितलं.

आज आईच्या पत्र्याच्या पेटीतून माझी जुनी पत्रं काढली. मुलगी अभ्यासाला बसली होती. तिने विचारलं काय आहे, म्हणून एक वाचून दाखवलं. "ती. स. नानांना सा. नमस्कार, इकडे सर्व खुशाल आहे." ती म्हणाली, "खरंच होतं का, पप्पा?" मी म्हणालो, नाही. मग चहा होईपर्यंत सांगत बसलो. तिचं पुस्तक समोर उघडंच होतं.

पाचला उठवणं मी बंद केलंय. चादरीच्या घडीचं अजून जमत नाही, नजर जाते.

---

रणगाडा
१० जून, पहाटे ४:५०

बिगुल, एक विचारतो. वहीत लिहावं की मोबाईलवर? आणि किती वाजता?

---

बिगुल
१० जून, सकाळी ७:१०

मी मोबाईलवर, गच्चीत. वही असली तरी चालेल. आज रात्री मी पुन्हा नऊला बसणार आहे. तुम्ही पंढरपुरात बसा, मी इथे बसतो.